बया रमावी म्हणून

मला एका जागी बसवत नाही. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर सासूबाईही तेच म्हणाल्या, फक्त जरा वेगळ्या सुरात. टीव्हीवरची मालिका मी उभ्यानं बघते. जेवताना तीनदा उठते. भाजी फोडणीला टाकली की तेवढ्यात अंगण झाडून येते आणि भाजी खाली लागली म्हणून स्वतःवरच चिडते. अशा बाईच्या घरात गिनीपिग आला, आणि त्या जातीला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, तर हलणाऱ्या माणसाची.

तो आमच्या सुनेनं आणला. 'तो' म्हणायचं, पण होती ती मादी. सून लग्न होऊन घरात आली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वाशीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती नोकरी करते, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. तिथली एक मैत्रीण नवऱ्याच्या बदलीमुळे दुसऱ्या राज्यात चालली होती, आणि तिनं नुकताच आणलेला हा जीव कुणीतरी सांभाळायला हवा होता. एका संध्याकाळी सून आणि माझा मुलगा स्कूटरवरून आले तर सुनेच्या मांडीवर भोकं पाडलेला एक खोका. आत डोकावलं तर सोललेल्या नारळाएवढं, तपकिरी-पांढरं, शेपूट नसलेलं काहीतरी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेलं.

"उंदीर?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"उंदीर नाही, बाबा. गिनीपिग," सून म्हणाली.

तिनं त्या प्राण्याचं एक इंग्रजी नावही सांगितलं, ते माझ्या जिभेवर काही बसेना. मी आपली तिला बया म्हणायला लागले.

आमचं गाव न्हावा शेव्याच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या आधीच्या पिढ्या मिठागरात राबल्या. या बांधावरच्या माणसानं त्या बांधावरच्याला हाक मारायची तर छातीत दम लागायचा. मिठागरं गेली, आवाज तेवढा राहिला. आता आमचे दोन ट्रेलर बंदरावर कंटेनर ओढतात, आणि ह्यांचा ड्रायव्हरशी फोन सुरू झाला की फोनची गरजच काय असं वाटतं. आमच्याकडे कुणी हळू बोललं तर बाकीचे विचारतात, ताप आलाय का. सून माणगावच्या आतल्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली. तिकडची माणसं मोजकं बोलतात. सुरुवातीला तर मी नुसतं "चहा झाला गोऽ" म्हणून ओरडले तरी ती दचकून उभी राहायची.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा जीव दुसऱ्याच गोष्टीला टांगलेला होता. मुलगा रात्री फोनवर घरं बघायचा. मी मागून गेले की स्क्रीन पालथी घालायचा. एकदा चहा देताना मला दिसलंच, पांढरीफेक स्वयंपाकघरं, गॅलरीत झाडांच्या कुंड्या, बारावा मजला. एकुलता एक मुलगा. त्याच्यासाठीच आम्ही वर मजला चढवला होता, फरशीसुद्धा सुनेच्या पसंतीची. कुणी काही बोलत नव्हतं आणि मलाही विचारायचा धीर होत नव्हता. एरवी मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण हा एक प्रश्न विचारला आणि 'हो' असं उत्तर आलं तर, या भीतीनं मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते.

म्हणून खोका घरात आला तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. उलट मनात म्हटलं, बरं झालं. जो माणूस घर सोडणार असतो, तो घरात जनावर आणत नाही. ही बया इथं रमली की तीही रमेल. माझा सगळा हिशेब एवढाच होता, आणि तो मला अगदी पक्का वाटत होता.

सुनेनं तिला खालच्या मागच्या खोलीत ठेवलं. एका मोठ्या खोक्याला दार कापून घर केलं, भोवती जाळी लावली, खाली जुनी चादर अंथरली, वाटीत पाणी आणि पाकिटातलं सुकं गवत ठेवलं. ते पाकीट बघून ह्यांना हसू आवरेना.

"अगो, गवत कोन इकत आनतंय काय? बांदावर काय कमी हाय?"

सुनेनं आम्हाला नीट समजावून सांगितलं. उचलायचं नाही. टक लावून बघायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. गवत-पाणी ठेवायचं आणि तिची तिला राहू द्यायची, आपोआप बाहेर येईल. मी मान डोलावली. सकाळी ती ड्युटीवर गेली आणि घरात मी आणि बया दोघीच उरलो.

आता आमच्याकडची एक रीत आहे. नवी कोंबडी आणा, मांजर आणा, पाय असलेलं काहीही घरात आलं की त्याला चुलीभोवती तीन वेळा फिरवायचं आणि पायांना चुलीतली राख लावायची. मग ते घर ओळखतं, सोडून जात नाही. सासूबाईंनी फिरवलेलं एकही मांजर कधी परागंदा झालं नाही. बया रात्रभर त्या खोक्यातून बाहेर आली नव्हती, आणि मला वाटलं, कशी येईल? तिला घर दाखवलंय कुणी?

पण चूल होती कुठे? गॅस ओट्यावर भिंतीला चिकटलेला, त्याच्याभोवती फिरणार कशी? मी जरा विचार केला आणि मागच्या पडवीतला भरलेला सिलिंडर ओढून मधोमध आणला. शेवटी चूल पेटते ती त्याच्यावरच. पदरात धरून बयेला बाहेर काढलं आणि सिलिंडरभोवती तीन फेऱ्या घातल्या. राख नव्हती, म्हणून देवापुढच्या उदबत्तीची राख चारी पायांना लावली. काम चोख झालं. फक्त तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठीत तिचं काळीज असं धडधडतंय की जणू तिच्या अंगात दुसरं काही नाहीच. ती ओरडत नव्हती, चावत नव्हती. नुसती ताठ झाली होती, डोळे उघडे.

खाली ठेवल्याबरोबर ती खोक्यात शिरली ती शिरलीच. दुपारपर्यंत गवताची काडी हलली नव्हती. पाण्यावर धुळीची साय धरली. मी दर थोड्या वेळानं जाऊन बघत होते, आणि मी बघायला जाते म्हणूनच ती बाहेर येत नाही हे कळायला मला संध्याकाळ झाली.

सून आली, हात धुतले आणि सरळ मागच्या खोलीत गेली. तिनं चादरीवर बोट फिरवलं.

"आई, हिच्या पायांना काय लागलंय?"

माझ्या पोटात काही राहत नाही. सिलिंडरापासून उदबत्तीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात रागावतात, दोन भांडी आपटतात, तिसऱ्या भांड्यात चहा करतात. ती नुसती खाली बसली आणि हळू म्हणाली, "हे प्राणी एक दिवस खायचे थांबले ना, तर त्यांचं पोटच बंद पडतं. मग काही करता येत नाही."

हे जनावर माझ्यामुळे मेलं तर ही मुलगी तोंडानं एक शब्द बोलणार नाही, आणि महिन्याभरात घर सोडेल, एवढं मला लख्ख दिसलं. देवापुढे दिवा लावताना मी गणपतीला सांगितलं, बाबा रे, तुझ्या उंदराच्या नात्यातली आहे, तेवढं बघ.

लॅबमधून आणलेल्या सुई नसलेल्या सिरिंजनं सुनेनं तिला तिच्या सुक्या खाद्याचा पातळ लगदा भरवला. चार थेंब आत, सहा बाहेर. मी हातात टॉवेल धरून उभी होते. "आई, तुम्ही जरा बसा ना," सून म्हणाली. मी बसले. लगेच उठले. परत बसले.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी मागितली, मिळाली नाही. जाताना ती दारात थांबली.

"तुम्ही तिच्याजवळ बसाल का? काही करायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही. आपलं काम करत नुसतं बसायचं, म्हणजे तिला कळेल की हे माणूस काही करत नाही."

सोपं सांगितलं तिनं. आयुष्यात मला कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

बसल्या जागी होईल असं काम म्हणून मी दोन जुड्या कोथिंबीर घेऊन जाळीशेजारी चटईवर बसले. पाठ भिंतीला, तोंड खिडकीकडे. आधी पाय वळवळायला लागले. मग आठवलं की दूध गॅसवर ठेवलंय, टाकी भरायला लावलीय, दोरीवर कपडे आहेत. बाहेर ह्यांचा फोन सुरू झाला. "आरं गाडी कंदी लागंल गेटला? कंदी?" खोक्यातून खसकन आवाज आला. मी उठून बाहेर गेले, ह्यांच्या हातातून फोन काढला आणि बोट दाखवून त्यांना पार रस्त्यावरच्या पिंपळापर्यंत पाठवलं. ते बिचारे गेले. पुढे काही आठवडे आमच्या ट्रेलरचा सगळा कारभार त्या पिंपळाखालून चालला.

परत येऊन बसले. कोथिंबीर निवडायची, पानं ताटात, देठं खाली. मिनिटाला एकदा मान वळवायची हुक्की यायची आणि मी ती दाबायची. पाठीला रग लागली. डोक्यात घरांचे फोटो फिरत होते, बारावा मजला, गॅलरी, कुंड्या. मनात सुनेशी भांडून झालं, मुलाशी भांडून झालं, दोघांना घराबाहेर काढून झालं आणि परत बोलावूनही झालं. एवढ्यात कानावर बारीक कुरकुर आली. मी श्वास रोखला. डोळ्याच्या कडेतून बघितलं तर जाळीतून आत गेलेलं कोथिंबिरीचं एक देठ खोक्याच्या दाराकडे आपलं आपण चाललं होतं. दुसऱ्या टोकाला एक गुलाबी नाक होतं.

मला ओरडावंसं वाटलं. मी पदर तोंडात कोंबला. तिनं ते देठ संपवलं, मग दुसरं. मी एकेक देठ सरकवत राहिले आणि दोन्ही जुड्यांची देठं संपली तेव्हा पानंही दिली. त्या दिवशी आमच्या आमटीत कोथिंबीर नव्हती. सुनेला फोन लावला आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं, "खाल्लं!" पलीकडून ती हसली. अशी मोकळी हसताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मग बसायचं वेड लागलं म्हणा ना. सकाळचं आवरलं की मी निवडण्या-टिपण्याचं काम घेऊन चटईवर. तांदूळ निवडले, लसूण सोलला, वालाचे दाणे सोलले. बया आधी नाकापर्यंत यायची, मग मानेपर्यंत, मग सगळीच बाहेर येऊन माझ्या पायाशी फरशी हुंगायची. प्लॅस्टिकची पिशवी वाजली की तिची शिट्टी सुरू, अशी की कुकरलाही लाजवेल. एकदा तर बसल्या जागी चारी पायांवर उडी मारली, परत मारली. मला वाटलं, फेफरं आलं. सून म्हणाली, ती खूश आहे. माझ्या मांडीवर टॉवेल टाकून तिनं बयेला ठेवलं, आणि मी, जी जेवताना तीनदा उठते, ती पाय बधिर होईपर्यंत तशीच बसून राहिले.

संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर सूनही तिथंच टेकायला लागली. चटईवर आम्ही दोघी, मध्ये बया. बयेच्या निमित्तानं ती बोलायची. तिच्या गावच्या शेताबद्दल, लावणीला सगळं घर कसं उतरायचं, लॅबमधल्या तिच्या साहेबाचा खाष्टपणा. मी हळू बोलायला शिकले होते, निदान त्या खोलीपुरती. आणि मुलाचं फोनवर घरं बघणं बंद झालं. मी मागून गेले तरी आता स्क्रीन पालथी होत नव्हती. मला वाटलं, जिंकले.

तरी आतली धाकधूक काही जाईना. आणि त्यात शेजारच्या जाऊबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. म्हणजे हळद आली. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाला मागे टाकणारा प्रकार. डीजेचे डबे आमच्या भिंतीला खेटून रचले होते, माझ्या डोक्याच्याही वर. नुसतं तपासायला वाजवलं तरी खिडकीच्या काचा थरथरल्या. बया खोक्यात शिरली आणि तिनं शिट्टी मारायची बंद केली.

मी जाऊबाईंना जरा आवाज कमी ठेवायला सांगून बघितलं.

"उंदरासाठी हलदीचा आवाज कमी करू?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "काय गो, सुनेनं तुला येडी केली काय?"

मग मी माझ्या मनानं ठरवलं. दिवेलागणीला, वाजंत्री सुरू व्हायच्या आधी, पुतण्याला काकीच्या मानाची हळद लावली, ओवाळलं, आणि घरी येऊन ह्यांच्यापुढे हात पसरला.

"ट्रेलरची चावी द्या."

"कला? गाडी चालवतेस काय?"

"गाडी चालवत न्हाय. नुसती बसतेय."

गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात उभी होती. केबिन बंद, काचा जाड, आत एसी. नव्या साडीचा काष्टा खोचून मी त्या उंच पायऱ्या चढले, मुलानं खालून खोका वर दिला, इंजिन सुरू करून दिलं आणि तो हसत हसत हळदीला गेला. इंजिनाची एकसुरी घरघर तेवढी होती, गाणी लांबून कुणीतरी उशीत कोंडल्यासारखी येत होती. बया थोड्या वेळानं बाहेर आली. मी तिला टॉवेलासकट मांडीवर घेतलं. बंदराकडचे दिवे लागले होते. सगळं गाव नाचत होतं आणि मी तिथं बसले होते, हे आठवून मला हसू येत होतं आणि थोडा रागही, कुणाचा ते कळत नव्हतं.

मग दार उघडलं आणि सून वर चढली. गालाला हळद, केसांत गजरा, हातात कागदी डिशमध्ये माझ्यासाठी वडे. तिनं दार हळूच लावलं आणि बयेकडे बघितलं. बया माझ्या हाताखाली डोकं घालून कोथिंबीर खात होती.

"तुमच्याकडे किती शांत असते," ती म्हणाली.

मी वडा खाल्ला. ती गजऱ्याचं टोक चाळवत राहिली. ती काहीतरी बोलणार आहे हे मला कळलं, आणि मला तिथून उठून पळावंसं वाटलं. पण मांडीवर बया होती.

"आई, आम्ही पनवेलला घर घेतलंय. पुढच्या महिन्यात ताबा मिळेल. हे बरेच दिवस सांगायचं राहिलं. ते म्हणत होते मी सांगतो, पण मला वाटलं आपणच सांगावं."

ती पुढे बोलत राहिली. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोप लागत नाही. तुमच्याबद्दल काही नाही, आवाजाचं आहे. येण्याजाण्यातच जीव जातो. आणि मग, इतक्या हळू की मला वाकावं लागलं, "हिला मात्र इथंच ठेवू या का? आता कुठे रमलीय. परत जागा बदलली तर पुन्हा खायची थांबेल."

बया रमली की ती राहील म्हणून मी पाठीची काठी करून बसले होते. बया रमली, म्हणून आता बया राहणार होती.

"आम्ही दर रविवारी येऊ," ती म्हणाली. "हिला बघायला."

"हिला?" मी विचारलं.

तिनं बयेच्या पाठीवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्हाला बघायला येतो म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, मग जाता कशाला."

अगदी तेच माझ्या जिभेवर होतं. मोठ्यानं, पार हळदीच्या मांडवापर्यंत ऐकू जाईल असं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं ते पुसलंही नाही. मी ते शब्द गिळले आणि म्हटलं, "जेवायलाच येत जा मग."

ते दोघं पनवेलला गेले. वरचा मजला मी रोज झाडते, तिथं कचरा होत नाही तरी झाडते. आणि ते खरंच येतात, हे मला सांगितलंच पाहिजे. एक रविवार चुकला, तोही पाहुणे होते म्हणून. शनिवारपासूनच माझं चित्त ठिकाणावर नसतं. बयेचा खोका साफ करते, चादर बदलते, तरी हात मोकळेच वाटतात. रविवारी स्कूटरचा आवाज आला की मी ओट्यापाशी उभी राहते, गॅस बारीक करते आणि कशालाही हात न लावता कान देते. दार उघडतं, चपला निघतात, आणि सून हाक मारते. अजून तरी पहिली हाक बयेला असते.